न्यायला आलेली गाडी

मुळशीच्या रस्त्यावर बाईमाणसाला सुखानं पळता येत नाही, हे जयाला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं. कुत्री मागे लागतात म्हणून नव्हे. कुत्री बिचारी दोन दिवसांत ओळखीची झाली. माणसं मागे लागतात, आणि तीही गाडी घेऊन.

पहाटे साडेपाचला ती घरातून निघे. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायात पिरंगुटच्या बाजारातून आणलेले बूट. गावची कमान ओलांडते न ओलांडते तोच नथूचा दुधाचा टेम्पो कचकन ब्रेक मारून शेजारी उभा राही.

"वैनी, कुटं चाललाय? बसा की."

"न्हाई नथूभाऊ, पळतीय."

"ते दिसतंय मला. पर कुटं?"

"कुटंच न्हाई."

"कुटंच न्हाई तर पळताय कशाला? बसा, सोडतो."

जिला कुठे जायचंच नाही तिला हा कुठे सोडणार होता, ते त्याचं त्याला ठाऊक. बरं, नथू एकटा असता तर तिनं सोसलं असतं. भाजीची जीप थांबे. एसटी थांबे, स्टॉप नसताना, आणि कंडक्टर दारात उभा राहून हात पुढे करी. एरवी हीच एसटी स्टॉपवरच्या चार बाया हात करत असताना धुरळा उडवत निघून जाते. खुद्द तिचा नवरा शेखर, पिरंगुटच्या एका कंपनीची बस चालवणारा, भरल्या बससकट तिच्या बाजूला येऊन म्हणाला, "बस गं, पौडपातुर सोडतो." चाळीस कामगार खिडक्यांतून डोकी काढून वहिनींकडे बघत होते. वहिनी उलट्या दिशेला, धरणाकडे चालल्या होत्या, हेसुद्धा त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि खरा ताप तोच होता. वाईट असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण या भागात ओळखीच्या माणसाला रस्त्यात चालत सोडून कुणी पुढे गेला, तर त्याची चर्चा पारावर चार दिवस होते. मग पळत्या बाईला कोण सोडून जाईल? त्यातून चाळिशी उलटलेली, दोन लेकरांची आई, घरची थोरली सून रस्त्यानं पळते म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट झालंच असणार, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. जया त्या दिवशी पौडच्या बाजूला पळत होती. हैबतरावांनी तिला पाहिलं. हैबतराव म्हणजे गावचे माजी सरपंच. सरपंचकी गेली तरी चौकशा गेल्या नव्हत्या. त्यांनी हाक मारली. जया थांबली नाही, कारण थांबलं की लय मोडते आणि परत पाय उचलायला जिवावर येतं. झालं, हैबतरावांनी सुतावरून स्वर्ग गाठला. आठ वाजता जया घामाघूम होऊन घरी आली तर अंगणात नऊ माणसं उभी, खांद्यावर टॉवेल, चेहरे पाडून. एकजण बांबू कुणाकडे मिळतील याची हळू आवाजात चौकशी करत होता. आणि ओट्यावर तिची सासू गोजराबाई, जिला ती आत्याबाई म्हणे, कमरेवर हात ठेवून उभी.

"मी मेलीय म्हनं," गोजराबाई म्हणाली. "बघ बाई, तुझ्या पळण्यापायी मला जित्तेपणी तिरडीवर घातली."

नऊजणांना चहा जयालाच करावा लागला. चहा पिताना हैबतरावांनी विचारलं, "पळून मिळतंय काय शेवटी?"

"मेडल."

"सोन्याचं?"

"पत्र्याचं."

"मग पायाला काय इंचू चावलाय का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण खरं सांगायचं तर उत्तर जयाकडेही नव्हतं. तिला एवढंच आठवे की गेल्या फेब्रुवारीत पन्नास किलोमीटरची शर्यत गावावरून गेली होती. तालुक्याच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावरून सुटायची, चार किलोमीटरवर जयाचं गाव, तिथून धरणाच्या काठाकाठानं ताम्हिणीच्या अंगाला जायचं आणि आल्या वाटेनं परत. नऊ तासांत जो परत येईल त्यालाच मेडल. आयोजकांनी गावातल्या बायांना संत्र्याच्या फोडी आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे वाटायला उभं केलं होतं. जया त्यांत होती. सगळ्यात शेवटी एक बाई आली. जयापेक्षा मोठी, अंगानं भरलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, रडत रडत. मागून शर्यतीची गाडी, थकल्याभागल्यांना उचलून नेणारी. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बसा." बाई म्हणाली, "नाही." ड्रायव्हरनं मान हलवली आणि गाडी मागे घेतली. कुणी समजूत काढली नाही, कुणी तिच्या घरी फोन लावला नाही.

जया संत्र्याची फोड हातात धरून बघतच राहिली. बाई नाही म्हणाली आणि गाडी गेली. असंही असतं?

एवढंच. याला काय कारण म्हणायचं? आणि कारण तर सगळे मागत होते. भूगावच्या दिशा मॅडम दर रविवारी मोटारीतून येऊन धावणाऱ्यांचा सराव घेत. मनानं चांगली बाई. जयाला चांगले बूट तिनंच निवडून दिले. पण तिला एकच वेड. "जयाताई, तुमचं कारण शोधा. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय पळत नाहीत, कारण पळतं." शर्यतीच्या फॉर्मवरही तोच प्रश्न: तुम्ही का धावता? जे लिहाल ते छातीवरच्या नंबराच्या कागदावर छापून मिळणार. जयानं फॉर्म तीन वेळा हातात घेतला आणि तीन वेळा भाकरी करपली. शेवटी तिनं ती ओळ मोकळीच ठेवली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला मैदानावर पाचशे माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या छातीवर कारण होतं. 'बाबांसाठी.' 'कॅन्सरला हरवलं म्हणून.' 'माझ्या मुलीला दाखवायला.' जयाच्या छातीवर नुसता नंबर, चारशे बारा, आणि खाली पांढरी पट्टी. शेजारच्या मुलीनं कीव आल्यासारखं विचारलं, "काकू, तुमचं छापायचं राहिलं का?" जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांची कारणं काय भारी, आणि हिची जागा रिकामी.

पहिले वीस किलोमीटर मजेत गेले. पंचवीस बरे गेले. तिसाव्याला ऊन चढलं आणि डाव्या गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. छत्तिसाव्याला गुडघा बोलायचा थांबला आणि ओरडायला लागला. धरणाचं पाणी एका हाताला चकाकत होतं आणि रस्त्यावर सावलीचं नाव नव्हतं. जया कठड्यावर बसली. पाच मिनिटं म्हणून बसली ती उठेचना. नथूचा टेम्पो वाडीवरचे रिकामे कॅन घेऊन परत चालला होता. तो थांबला, तिचं तोंड बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा 'बसा' न म्हणता भुर्रकन निघून गेला. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

थोड्या वेळानं शर्यतीची गाडी मागून आली. ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, बसणार?"

"जरा थांबा," जया म्हणाली.

खरं म्हणजे ती बसणारच होती. कशासाठी मरायचं? दिशा मॅडमचं म्हणणं खरं ठरलं होतं. कारणच नाही तर पळणार काय, कपाळ? तिनं कठड्याला हात टेकून उठायला सुरुवात केली, गाडीकडे जायला. तेवढ्यात समोरून मोटारसायकल आली. तिचा धाकटा दीर रोहित. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चौथीत होता, नाक पुसायला शिकवलं ते तिनं, त्यामुळे त्याला ती अरे-तुरेच करी.

रोहितनं गाडी उभी केली. तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत म्हणाला, "वैनी, चला. आईला जरा बरं न्हाई."

जया होती तशी उभी राहिली. पाठीतून एक कळ गेली, आणि ती गुडघ्याची नव्हती.

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आपल्याकडे न्यायला आलेला माणूस कधी खरं सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी 'जरा बरं नाही' म्हणतात, म्हणजे वाटेत रडारड नको. दहावीला भूमितीच्या पेपराला ती वर्गात शिरणार, तोच मामा सायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी. "आज्जीला जरा बरं न्हाई." आज्जी पहाटेच गेली होती. पेपर ऑक्टोबरला देऊ म्हणाले; कुठला ऑक्टोबर आणि कसलं काय. मग पौडच्या शिवणक्लासची सरकारी परीक्षा दोन दिवसांवर आलेली, तेव्हा भाऊ आला. "आईला जरा बरं न्हाई." घरी पोचली तर आई धडधाकट, कांदेपोहे परतत होती, आणि ओट्यावर पाहुणे बसले होते. आणि लग्नानंतर पिरंगुटला कंपनीत लागली, तीन वर्षांत लाइनची सुपरवायझर व्हायची वेळ आली, तेव्हा शेखर गेटवर. "आबांना जरा बरं न्हाई." ते मात्र खरं निघालं. सासऱ्यांचं अंथरूण दोन वर्षं तिनं काढलं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. माणूस चांगला होता. पण कंपनीचा डबा त्या दिवशी तसाच भरलेला घरी आला होता, तो तिला अजून आठवे.

वाक्य एकच, अर्थ तीन. आणि दर वेळी ती मुकाट्यानं गाडीवर बसली होती.

"कधीपासनं बरं न्हाई?" तिनं विचारलं.

"सकाळधरनं."

"काय व्हतंय?"

"जरा... आसंच."

"फोन लाव."

"हितं रेंज न्हाई, वैनी." हे खरं होतं. पण रोहित अजून पाण्याकडेच बघत होता.

जयाच्या मस्तकात अशी तिडीक गेली की तिला क्षणभर गुडघा आठवला नाही. पंचवीस वर्षांचा राग एकदम वर आला, मामाचा, भावाचा, नवऱ्याचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"हे बघ रोहित," ती म्हणाली. "आत्याबाई गेल्या असतील तर मी येईस्तवर कुटं जात न्हाईत. आजारी असतील तर तू हितं काय करतुयास, दवाखान्यात ने त्यांना. आन् बऱ्या असतील तर तुला चपलंनं हाणीन. तिन्हीत मी गाडीवर बसायचं काय कारण न्हाई. आपलं घर वाटेतच हाय. माझ्या पायानं येते."

शर्यतीच्या गाडीचा ड्रायव्हर हे सगळं आ वासून ऐकत होता. जया त्याच्याकडे वळली. "तुमी जावा," ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि गाडी मागे घेतली.

मग ती निघाली. आधी लंगडत, मग लंगडण्याला लय आली, मग पळत. रोहित मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून शेजारी. "वैनी, आयका की. लोकं काय म्हनतील?" ती ऐकत नव्हती. पण बोलली नाही म्हणजे घाबरली नव्हती असं नाही. खरंच काही झालं असलं तर? रोहित खोटं बोलताना नजर चुकवतो, पण रडू दाबतानाही चुकवतो. सासू मरून पडली आणि सून छातीवर नंबर लावून पळतीय, हे गाव सात पिढ्या सांगत राहील. तिच्या डोळ्यांपुढे गोजराबाई येई, कमरेवर हात ठेवून उभी. मागे वळून गाडीवर बसणं एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिनं दातांखाली धरून ठेवला. भीतीनं पाय पळत होते की रागानं, ते तिला सांगता आलं नसतं. चाळिसावा किलोमीटर गेला, बेचाळिसावा गेला. पुढचे दोन पळणारे तिनं मागे टाकले, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

शेचाळिसाव्याला गावची कमान दिसली. आणि कमानीपलीकडे, तिच्या घरासमोर, माणसं. वीस-पंचवीस तरी. हैबतराव पुढे उभे, खांद्यावर टॉवेल.

जयाचं काळीज थांबलं. पाय थांबले नाहीत, एवढंच.

मग माणसं बाजूला झाली. मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर गोजराबाई बसली होती, हातात संत्र्याच्या फोडींची ताटली, धडधाकट.

जयाला एकाच वेळी रडायला आलं आणि ती ताटली हिसकून भिरकावून द्यावीशी वाटली. ती खुर्चीपुढे थांबली. धाप लागली होती, तरी बोलली. "बरं न्हाई न्हवं तुमाला?"

"मला काय धाड भरलीय," गोजराबाई म्हणाली. "नथ्यानं सांगितलं तू कठड्यावर बसून रडतीयास. म्हनलं पोरगी मरंल हितं उन्हात. धाडला रोहितला. आता घरात चल, चहा टाकलाय."

"मग तसंच सांगून धाडायचं? आख्खं आयुष्य मला कुणी ना कुणी असंच खोटं सांगून उचलून आनलं, आन् तुमी बी तेच?"

सासूला असं कुणी तोंडावर बोललं नव्हतं, निदान पंचवीस माणसांत नाही. हैबतरावांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

गोजराबाईनं ताटली मांडीवर ठेवली. "मला बी असंच आनलंवतं," ती म्हणाली. "भातलावणी चालली व्हती. चुलता आला, म्हनला आज्याला बरं न्हाई. घरी आले तर हळद वाटून ठिवलेली. माझीच." तिनं नाक ओढलं. "कुणाला बोलवायचं तर दुसरं काय सांगत्यात, ते मला ठावंच न्हाई बाई."

राग होता तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. समोर दार उघडं होतं. आतून चहाचा वास येत होता. आपल्या घरासमोर थांबलेल्या गुडघ्याला पुढे न्यायचं म्हणजे काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. दोनला वेळ संपणार, आणि चार किलोमीटर बाकी.

तिनं ताटलीतून एक फोड उचलली. "चहा झाकून ठिवा," ती म्हणाली, आणि दारावरून पुढे गेली.

"आगं, घर हितं हाय!" हैबतराव मागून ओरडले.

"गप बसा वो तुमी," गोजराबाईचा आवाज आला. "दिसतंय तिला."

मैदानाच्या फाटकातून जया आत शिरली तेव्हा दोनला चार मिनिटं कमी होती. पत्र्याचं मेडल गळ्यात पडलं. ती तिथंच मातीत बसली. दिशा मॅडम पळत आल्या, मिठी मारली, तिच्या छातीवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "जयाताई, पस्तीसनंतर कशावर पळलात? कारण सापडलं की नाही?"

"सापडलं," जया म्हणाली. "छत्तिसाव्याला. पर तवा पेन न्हवतं."

"काय होतं?"

"मला न्यायाला आले व्हते. मी गेले न्हाई."

दिशा मॅडमना ते कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या कुणाला तरी मिठी मारायला गेल्या. जयानं बूट काढले. डाव्या पायाची दोन नखं काळी पडली होती. उठून उभं राहायचं म्हटलं तर गुडघा साफ नाही म्हणाला.

मोटारसायकलचा आवाज आला. रोहित. तो बराच लांब, चपलेच्या टप्प्याबाहेर थांबला. गाडीवरून उतरला, आणि या वेळी सरळ तिच्याकडे बघत, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा बोलला.

"वैनी, आई बरी हाय. दादा बरा हाय. पोरं बरी हायेत. कुणाला काय झालेलं न्हाई. चहा झाकून ठिवलाय. नुसतं न्यायाला आलोय, याचं आसंल तर या." मग हळूच म्हणाला, "आईनं आसंच सांगाय सांगितलंय. दोनदा म्हनून घेतलं माझ्याकडनं."

जयानं हात पुढे केला. रोहितनं तिला उठवलं. बूट हातात घेऊन ती अनवाणी गाडीपर्यंत गेली आणि मागे बसली.

"चल," ती म्हणाली.